माझ्या आवाजाची वाटणी होणार नाही

मी, श्रीमती रुखमाबाई वारलू मोहुर्ले, वय वर्षे बहात्तर, धंदा बोलणे, राहणार आरमोरी, जिल्हा गडचिरोली, माझ्या मागे भांडणे होऊ नयेत आणि झालीच तर निदान माझ्या मनासारखी व्हावीत, म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी मला देशाचे पंतप्रधान कोण ते विचारले. मी म्हटले, ज्यांच्या ज्यांच्या भाषणाआधी मी रेडिओवर "आता ऐकू या" असे म्हटले त्या सगळ्यांची नावे सांगू, की नुसते आत्ताचे सांगू? त्यांनी लगेच सही केली.

माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव होता तो माझा मुलगा आदेश याचा होता, आणि तो उलट्या बाजूने होता. म्हणून तर हे लिहावे लागत आहे.

मजकूर निकेश सहारे वकिलांनी शुद्ध भाषेत उतरवला आहे. त्यांचे म्हणणे, कोर्टाला आपली बोली समजत नाही. असू दे. माझा जन्म दुसऱ्याला हवे तसे बोलण्यात गेला, आणखी चार पाने गेली तर काय बिघडते! फक्त शेवटचे कलम माझ्या शब्दांत राहील आणि त्याला वकिलांनी हात लावायचा नाही, असे चहा पिताना ठरले आहे.

कलम १. घर व पैसाअडका.

आरमोरी येथील राहते घर, मागची विहीर व सीताफळाचे झाड माझा मुलगा आदेश यास द्यावे. पण त्याने कलम ५ मोडले तर घर, विहीर, झाड आणि झाडावरची वानरेसुद्धा माझी मुलगी दिव्यानी हिची. दिव्यानी भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत राहते, तिला घराची गरज नाही. पण ती बहीण आहे, भावावर नजर ठेवायला बहिणीला गरज लागत नाही. माझे दागिने व पोस्टातली रक्कम दिव्यानीस द्यावी. साड्या माझी सून मंजुषा हिला. त्या तिला आवडत नाहीत हे मला माहीत आहे, तरीही द्याव्यात.

कलम २. लाकडी पेटी.

स्वयंपाकघरात जिच्यात मी कांदे ठेवते ती पेटी म्हणजे आमच्या गावच्या पंचायतीच्या रेडिओची पेटी आहे. मी फ्रॉक घालत होते तेव्हा सरकारने गावाला रेडिओ दिला. "जनतेसाठी", असे पेटीवर रंगवले होते. पेटीला कुलूप होते आणि चावी पाटलाच्या करगोट्याला. पाटील संध्याकाळी आला तर जनतेला बातम्या मिळत. पाटलाला झोप लागली तर जनता पेटीकडे बघत बसे. दिल्लीहून बातम्या सांगणाऱ्या बाईची नक्कल मी त्या बंद पेटीसमोर बसून शिकले. पोरे म्हणायची, "पाटील नाई आला त रुखमीच्या बातम्या आयका." माझ्या बातम्यांत पाटलाची म्हैस आजारी पडत असे आणि पाटलाची बायको माहेरी पळत असे. लोकांना त्या जास्त आवडत.

पुढे रेडिओ मेला आणि पेटी लिलावात निघाली, ती मी घेतली. ती ग्रामपंचायतीला परत द्यावी. कांदे काढून द्यावी. कुलूप मात्र देऊ नये, कारण कुलूप दिले की चावी कोणाच्या तरी कमरेला जातेच.

कलम ३. मेमो.

ज्या सरकारी रेडिओ केंद्रावर मी काम केले त्याचे नाव मी लिहिले होते, वकिलांनी ते खोडले. तिथे माझे पद होते "नैमित्तिक निवेदिका". केस काळे होते तेव्हा नैमित्तिक म्हणून घेतले आणि केस पांढरे झाल्यावर नैमित्तिक म्हणूनच काढले. माझे नावसुद्धा त्यांनी बदलले. साहेब म्हणाले, "रुखमाबाई हे नाव जरा ग्रामीण वाटतं, आपण रुक्मिणी म्हणू या." ज्या केंद्रावर रोज संध्याकाळी ग्रामीण श्रोत्यांसाठी कार्यक्रम होत असे, तिथे ग्रामीण वाटणे हा दोष होता.

हे साहेब पुण्याचे. त्यांनी मला दिलेले सगळे मेमो मी कपाटाच्या वरच्या खणात जपून ठेवले आहेत. ते त्यांना रजिस्टर पोस्टाने परत पाठवावेत. त्यांना वाचायला काहीतरी हवे, निवृत्त माणसाचा वेळ जात नाही. फरमाईशच्या कार्यक्रमात दसरू नावाच्या श्रोत्याच्या बैलांची नावे वाचल्याबद्दल एक मेमो आहे. दसरूने पत्रात घरच्यांची नावे लिहिली होती, त्यात राजा आणि मुक्का हे बैल आहेत हे मला काय ठाऊक? दसरू मात्र महिनाभर बैलांना गावात मिरवत होता. पण या सगळ्यांत मोठा मेमो पुढच्या कलमातला.

कलम ४. वारलूचा रेडिओ.

नवऱ्याचे नाव बाईने घेऊ नये म्हणतात. मी घेते. ते गेल्यापासून हाक मारायला दुसरे नाव उरले नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आरमोरीपासून पार वडशापर्यंत धान कापून शेतात पडला होता. आमच्याकडे कापलेल्या धानाच्या कडपा दोन-चार दिवस उन्हात वाळू देतात, मग भारे बांधून पुंजणे म्हणजे गंज्या रचतात. हवामान खात्याचा कागद आला: "तुरळक ठिकाणी मध्यम स्वरूपाच्या पर्जन्यवृष्टीची शक्यता नाकारता येत नाही." हे वाक्य मी बरीच वर्षे वाचत आले होते. ऐकून एकाही शेतकऱ्याने कधी एक पेंढीही उचलली नव्हती. त्या दिवशी मला राहवले नाही. कागद बाजूला सारला आणि माईकवर बोलले, "भाऊ हो, उद्या पाणी येते. कडपा उचला."

अख्ख्या पट्ट्याने कडपा उचलल्या. बायका-पोरे, म्हातारी माणसे, सगळे कामाला लागले. ओल्या कडपा पुंजण्यात घातल्या. आणि दुसऱ्या दिवशी असे कडकडीत ऊन पडले, की विचारू नका. पाण्याचा थेंब नाही. ओला धान पुंजण्यात आतल्या आत तापला आणि काळा पडला.

इतकी वर्षे खात्याचे अंदाज चुकत होते, पण कोणी भांडायला येत नव्हते, कारण ते काय म्हणतात हे कोणाला कळतच नव्हते. मी कळेल असे बोलले आणि दोष माझ्या डोक्यावर बसला. साहेबांनी मेमो दिला: "श्रोत्यांना थेट समजेल अशा पद्धतीने हवामान प्रसारित केल्याबद्दल खुलासा करावा." तो मेमो खरा आहे. ज्याला खोटे वाटते त्याने वरच्या खणात बघावे.

चौथ्या की पाचव्या दिवशी एक तगडा माणूस एसटीने केंद्रावर आला. त्याने स्वागतकक्षाच्या टेबलावर मूठभर काळा धान ओतला आणि विचारले, "पाणी येते म्हणणारी थे बाई कुठी हाय?"

मी पुढे झाले. म्हटले, "मीच होय. काऊन?"

"माह्या एकट्याचा नाई, साऱ्या गावाचा धान गेला."

"मंग आयकलं काऊन माह्यं? इतकी वर्षं रेडिओ सांगून राह्यला, एकदा तरी उचलल्या होत्या का कडपा?"

तो माणूस धान परत पिशवीत भरू लागला. मग मान वर न करता म्हणाला, "आतापर्यंत सरकार बोलत होतं. त्या दिवशी माणूस बोललं, म्हणून उचलल्या."

तो माणूस वारलू मोहुर्ले. पुढच्या वैशाखात आमचे लग्न झाले. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या कामाची एवढी मोठी तारीफ दुसऱ्या कोणी केली नाही, आणि ती करणारा माणूस भांडायला आलेला होता.

त्यांचा तपकिरी ट्रान्झिस्टर माझ्या सरणावर ठेवू नये, जळताना प्लास्टिकचा वास येतो. तो दिव्यानीने ठेवावा. त्यावर आता खरखरीशिवाय काही लागत नाही. केंद्राचा मनोरा उभा आहे, पण कार्यक्रम बहुतेक मुंबईहून येतात आणि मनोऱ्यावर आग्या माशांचे पोळे आहे. तेवढेच तिथले स्थानिक प्रसारण.

कलम ५. माझा आवाज.

हे कलम सर्वांनी नीट वाचावे. आदेशने उभे राहून वाचावे.

सरकारी केंद्राने काढल्यावर खासगी कंपनीच्या "रेडिओ ठसका" या वाहिनीने मला बोलावले. आदेश तिथे जाहिराती आणण्याचे काम करतो, त्याच्याच ओळखीने. सरकारने मला माझ्यासारखे बोलू दिले नव्हते. ठसकावाल्यांनी मला माझ्यासारखेच बोलायला सांगितले, पण मी कशी बोलते हे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. मला "रुखमाआजी" केले. माझ्या प्रत्येक वाक्याच्या मागे हशा लावला. मी "आज बुधवार आहे" म्हटले तरी मागे पाच-पन्नास माणसे हसत. तिथला एक पोरगा मला म्हणाला, "आजी, मध्ये मध्ये 'अगं बया' म्हणा ना, गावरान वाटतं." अरे बाप्पा, आमच्या आरमोरीत कोणाच्या सात पिढ्यांत कोणी "अगं बया" म्हटले नाही! मी म्हटले, हे तिकडचे, पश्चिमेचे आहे. तो म्हणाला, "लोकांना काय फरक पडतो?" काही महिने सोसले आणि सोडून दिले. सरकारसाठी मी जास्तच अडाणी होते आणि बाजारासाठी पुरेशी अडाणी नव्हते.

मी सोडले, पण माझे बोलणे त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये भरलेले राहिले.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आरमोरीचा बाजाराचा दिवस. मी ओसरीत लाखोळीची डाळ पाखडत होते. रस्त्यावरून भोंग्याचा ऑटो चालला होता आणि भोंग्यातून मी बोलत होते. "रामराम मंडळी! मी तुमची रुखमाआजी! घुग्घुसच्या बाजूले प्लॉट घेऊन टाका! शुद्ध हवा, मोकळं आभाळ! अगं बया, उशीर नका करू!" आणि मागे हशा.

सूप माझ्या हातात तसेच राहिले. मी हे कधी बोलले नव्हते. आणि घुग्घुसची शुद्ध हवा! तिथे कोळशाच्या खाणी, पांढरे धोतर दोरीवर टाकले तर वाळेपर्यंत राखाडी होते. शेजारचे बापूराव भिंतीवरून डोकावले, "बाई, प्लॉट तुमच्या नावानं हाय का आदेशच्या?"

ऑटो कय्यूमचा. आमच्या गावात कोणाची दुकानाची जाहिरात असो की कोणाची मयत असो, पुकारा कय्यूमचाच ऑटो करतो. तो दारात थांबला आणि म्हणाला, "बाई, बुरा मानू नका, पण तुमी कवापासून प्लॉट विकून राह्यल्या? आदेशभाऊनं पेन ड्राइव्ह देल्ली, म्या लावली." मी सांगितले की हे मी नाही. त्याने भोंग्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ऑटो बंद केला.

तरी उशीर झालाच होता. तासाभरात बाजारातून सुकरी आली. सुकरी नरोटे ही धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची, बाजारात झाडू आणि टोपल्या विकते. मी रेडिओवर महिलांसाठी बोलत असे तेव्हापासून ती माझे ऐकते. तिने पदराची गाठ सोडली. आत चांदीचे कडे होते, तिच्या आईचे.

"हे इकून देजो, बाई. पोरगा खदानीत लागला, तिकडं घर होईन त्याचं. तू सांगतलं म्हणून घेतो."

"सुकरी, थे मी नाई बोलली. थे मशीन होय."

"तूच त बोलून राह्यली होती. म्या माह्या कानानं आयकलं."

"आता बोलून राह्यली थे मी. थे होती थे मशीन."

सुकरीने जरा विचार केला आणि विचारले, "मंग आता तूच हायस, कायवरून?"

साहेबांना मी कागदावर खुलासे दिले होते, सुकरीपुढे कागद चालणार नव्हता. शेवटी मी तिचा हात धरला, माझ्या गळ्यावर ठेवला आणि बोलत राहिले. घरचे, दारचे, वारलूचे, काहीबाही. गळा हलतो आहे हे हाताला लागले तेव्हा तिने कडे परत गाठीत बांधले. ती गेल्यावर मी रडले. रागाने रडले, हेही लिहा असे मी वकिलांना सांगितले.

आदेशला फोन केला. तो म्हणाला, "आई, आताच्या मशीनले थोडं भरून ठेवलेलं असलं का पुरते, ते नवीन काहीही बोलून दाखवते. कंपनी कागद करून राह्यली. तू फक्त सही कर. तू गेल्यावरही तुझा आवाज राहीन, आई. तू अमर होशीन."

मी म्हटले, "मले अमर नाई व्हायचं. मले मातीले चार माणसं पायजेत, जे मी मेली म्हणून मानतीन."

तो वाईट मुलगा नाही. लहानपणी मी केंद्रावर गेले की रेडिओला कान लावून माझी वाट बघायचा आणि मी "नमस्कार" म्हटले की रेडिओला नमस्कार करायचा. म्हणूनच जास्त लागते. ज्याला त्या आवाजाने झोपवले, त्याला तो विकायला काढता आला.

आवाज ही मालमत्ता आहे की नाही, यावर निकेश वकील बराच वेळ अडले. कायद्यात स्पष्ट नाही म्हणाले. मी म्हटले, विकता येत नसेल तर आदेश कागद घेऊन माझ्या मागे का लागला? आणि विकता येत असेल तर मला मृत्युपत्रात लिहिता आले पाहिजे. त्यांनी लिहून घेतले.

सबब: माझा आवाज मी कोणासही देत नाही. मुलास नाही, मुलीस नाही, सरकारास नाही, कंपनीस नाही. तो माझ्याबरोबर संपेल. माझ्या मरणानंतर आदेशने त्या कागदावर सही केली, किंवा न करता कंपनीला वाट मोकळी करून दिली, तर कलम १ प्रमाणे घर दिव्यानीचे.

कलम ६. कय्यूम यास.

माझे टेबल, टेबलावरचा पंखा आणि जुना माईक कय्यूमला द्यावा. माईक केंद्राने भंगारात काढला होता, चोरलेला नाही, पावती टेबलाच्या खणात आहे. या बदल्यात त्याने एकच काम करायचे आहे. आमच्याकडे माणूस गेला की कय्यूमचा ऑटो गावभर सांगत फिरतो. माझा पुकारा मी स्वतः त्याच्या भोंग्याच्या दुकानात बसून भरून ठेवला आहे. मशीन नव्हे, मी. तो ज्या दिवशी मी जाईन त्या दिवशी वाजवावा, आणि नंतर येणाऱ्या बाजाराच्या दिवशी पुन्हा वाजवावा, कारण जंगलाकडची माणसे बाजारालाच येतात. मग पेन ड्राइव्ह चुलीत घालावी. सरकारी केंद्राला कळवू नये, ते दोन दिवसांनी "दुःखद निधन" म्हणतील. ठसकाला कळवू नये, ते मागे हशा लावतील.

कलम ७. पुकाऱ्याचा मजकूर. वकिलांनी हात लावू नये.

"आयका हो, आयका! आरमोरीच्या भाऊ-बाई हो, मी रुखमाबाई बोलून राह्यली. मी मेली. कवा मेली थे कय्यूमभाऊ सांगन, मले आता कसं सांगता येईन? माती घरूनच निघन. येजा. घरून चहा पिऊनच येजा, आमच्या मंजुषाच्या हातचा चहा तुमाले माहीत हाय.

लय वर्षं मी तुमाले सांगत राह्यली. दुसऱ्याचं सांगतलं, दुसऱ्यासारखं सांगतलं. तुमी आयकलं. आता माह्यं एक आयका.

आजपासून माह्या आवाजात कोणी काई सांगतलं, प्लॉट घ्या म्हटलं, औषध घ्या म्हटलं, अमक्याले वोट द्या म्हटलं, त थे मी नोहो. मेलेलं माणूस काई विकत नाई. मी आता कोणाले काई म्हणणार नाई. बोलली त समजजा का थे खोटं हाय.

मागं एकदा म्या पाणी येते म्हटलं आन आलं नाई. तुमचा धान काळा झाला. आभाळाचं म्या दुसऱ्याच्या कागदावरून सांगतलं होतं. हे माह्यं मी सांगून राह्यली. हे पक्कं हाय.

सुकरी, बाजारात असशीन त आयक. कडं सांभाळून ठेव.

झालं. बंद कर, कय्यूमभाऊ."

हे मृत्युपत्र मी वाचून घेतले, वकिलांनी मोठ्याने वाचले तेव्हा त्यांचे उच्चार दुरुस्त केले, आणि खाली दोन साक्षीदारांसमोर सही केली. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. आदेशने दुसरे दाखवले तर ते त्याने मशीनकडून करून घेतले आहे असे समजावे.

ठिकाण: आरमोरी
दिनांक: १२ जानेवारी २०२६

(सही) रुखमाबाई वारलू मोहुर्ले
(रुक्मिणी नव्हे)

साक्षीदार:

१. (सही) बापूराव गणुजी भोयर, राहणार आरमोरी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या, मी पेन उलटे धरले म्हणून माझ्यावर ओरडल्या.

२. सुकरी पोचू नरोटे, डाव्या हाताचा अंगठा.

वकिलाची नोंद: मजकूर पूर्ण वाचून दाखवल्यावर साक्षीदार क्र. २ यांनी लगेच अंगठा उठवला नाही. त्यांनी रुखमाबाईंना बोलायला सांगितले, त्या बोलत असताना त्यांच्या गळ्याला हात लावून पाहिला, आणि मगच अंगठा दिला.
(सही) निकेश सहारे, वकील